‘जुने फॉन्ट’ नावाचा फोल्डर

२ जानेवारी

आज एक तक्रार नोंदवतो. कोणाकडे करायची ते ठाऊक नाही, म्हणून या वहीकडे. संगणकाच्या कोपऱ्यात दोन छोटे निळे बाण आहेत. ते एकमेकांच्या मागे गोल फिरतात. फिरणं थांबून हिरवी खूण उमटली की समजायचं, आपलं काम क्लाउडवर पोचलं. आज पिंपळगावला या बाणांनी अकरा मिनिटं प्रदक्षिणा घातली. ब्रह्मगिरीची फेरी करणारेसुद्धा मध्ये चहाला थांबतात. हे थांबले नाहीत. मी हात जोडायचे तेवढे बाकी होते. आणि बातमी काय, तर तीनशे शब्दांची, हायवेवर उभ्या राहिलेल्या द्राक्षांच्या टेंपोंची.

ही वेळ येण्याचं कारण असं. दिवाळीनंतर आमच्या वर्तमानपत्रानं नाशिकचं कार्यालय बंद केलं. ‘जिथे असाल तिथून बातमी पाठवा’ असं पत्र आलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी परिव्राजक झालो. पण जिथे जाऊन बसावं तिथल्या संगणकावर माझा टायपिंगचा प्रोग्रॅम नसतो. सत्तावीस वर्षं बोटांना एकाच मांडणीची सवय आहे. नवी मांडणी समोर आली की बोटं पहिलीच्या वर्गात जाऊन बसतात. आणि लोक आपल्या संगणकावर परक्याचं काही इन्स्टॉल करू देत नाहीत. मीही दिलं नसतं.

तोडगा ज्योत्स्नानं काढला. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेली बाई. कुठलीही वस्तू जागेवर नसली तर तिला झोप येत नाही, म्हणून माझीही जागा तिनं लावून दिली. त्या प्रोग्रॅमची इन्स्टॉल न करता चालणारी, ज्याला पोर्टेबल म्हणतात ती, आवृत्ती शोधली. ती क्लाउडवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवली. माझे फॉन्ट, शब्दसूची, जुन्या बातम्यांची कात्रणं, सगळं त्यात घातलं. मग मी बसतो त्या तिन्ही ठिकाणी तो फोल्डर जोडला: पिंपळगावला मल्हारीच्या द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमध्ये, त्र्यंबकला नाथाच्या खोलीत आणि घरी. आता तो उघडायचा, प्रोग्रॅमवर दोनदा टिचकी मारायची, की माझं टेबल समोर हजर.

“काही कळलं का?” तिनं विचारलं.

“घटाकाश आणि मठाकाश,” मी म्हणालो. “घागरीतलं आकाश आणि खोलीतलं आकाश. दिसतं वेगळं, असतं एकच.”

“बरोबर. फक्त पासवर्ड विसरू नका.”

तिच्या पोटात दुखतंच आहे. ती म्हणते पित्त. उद्या स्कॅन.

९ जानेवारी

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं.

स्वादुपिंड. शब्द किती गोड आहे. कानाला मिठाईसारखा लागतो. ऑपरेशनची वेळ टळून गेली आहे, यकृतातही पसरलं आहे. सहा महिने, कमीही. उपचार घेतले तर थोडे आठवडे मिळतील, पण ते आठवडे चांगले जातील असं ते सांगू शकत नाहीत. “पेशंटला कळायला हवं,” ते म्हणाले. “तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो.” मी म्हणालो, मी सांगतो.

बाहेर ज्योत्स्ना बाकावर बसून तिथली जुनी मासिकं महिन्यांप्रमाणे लावत होती. मार्च सापडत नव्हता.

“सूज आहे,” मी म्हणालो. “गोळ्या दिल्यात. पथ्य पाळायचं.”

“एवढ्याला वीस मिनिटं?”

“डॉक्टरांना बोलायची हौस आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि मार्चशिवायच गठ्ठा नीट केला.

रिपोर्ट मोबाइलवर आला आहे. माझा मोबाइल घरात दोघांचाच असतो. ओटीपी ती बघते, फोटो ती काढते. उद्याच काहीतरी करायला हवं.

१० जानेवारी

केलं. पिंपळगावला मल्हारीच्या ऑफिसात बसून मोबाइलवरचा रिपोर्ट संगणकावर घेतला आणि फोल्डरच्या आत जो ‘जुने फॉन्ट’ नावाचा फोल्डर आहे त्यात टाकला. तिथे कोणी फिरकत नाही. मीही नाही. नावही बदललं: ‘मराठी ४ जाड’. मोबाइलवरून पुसला. कागद असता तर कपाटात, गादीखाली, कुठेतरी सापडलाच असता. आता तो घरात नाही, माझ्याजवळ नाही. त्रिशंकूसारखा वर लटकतो आहे. बाणांनी आज कमाल केली. अर्ध्या मिनिटात हिरवी खूण. दुपारचे सव्वातीन झाले असतील.

मल्हारी मालाच्या पेट्या बघून आत आला. “शास्त्रीबुवा, त्वांड का असं? द्राक्षं आंबट लागली काय?”

“अजून खाल्ली नाहीत.”

“मंग खा की. बायकोला पण न्या. एक्स्पोर्टचा माल हाय, लय गोड. वहिनीचं पोट कसं हाय आता?”

“सूज आहे म्हणाले.”

“उतरंल. सूज काय, उतरतीच.”

खाल्ली. गोड होती.

सहाला घरी आलो तर ज्योत्स्ना संगणकासमोर बसलेली. स्क्रीन काळा, दिवा लावलेला नाही. शेजारी कपात चहावर साय धरलेली.

“लाइट गेली होती का?”

“हो,” ती म्हणाली. “आत्ताच आली.”

शेजारी सुलाबाईंचा टीव्ही मघापासून चालू होता. त्यांच्याकडे इन्व्हर्टर असावा. ती उठली, दिवा लावला, मला विचारलं, “दुपारी जेवलात का?”

“द्राक्षं खाल्ली.”

“बरं केलंत.”

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवताना मी वाट बघत होतो, ती नेहमीचं वाक्य म्हणेल. ती म्हणाली, “गोड तर तुम्ही पाच दिवस बोलताच आहात.”

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. इतक्या उशिरा का होईना, प्रशस्ती मिळाली.

१९ जानेवारी

आज माझा पाकशास्त्रात उपनयन संस्कार झाला. डाळीला तीन शिट्ट्या, चौथीची वाट बघायची नाही. फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी यावर मी एक शंका काढली. तिनं उलथनं उगारलं. भाष्य संपलं.

“हे कशासाठी?” मी विचारलं.

“निवृत्तीनंतर घरी बसाल तेव्हा मी तुमच्या पुढे पुढे करणार नाही.”

तिला हुरूप आला आहे. सकाळी कामं आवरली की संगणकावर बसते, दार लावून घेते, बोलण्याचा आवाज येतो. फोनवर असेल. गोळ्या लागू पडत असाव्यात. जेवण मात्र चिमणीएवढं. साडी सैल होते म्हणून पिना जास्त लावते.

डॉक्टरांचा फोन आला होता. सांगितलंत का? मी म्हणालो, आज सांगतो. डाळ छान झाली होती, म्हणून सांगितलं नाही.

२७ जानेवारी

त्र्यंबक. बातमी पाठवताना नवा संदेश आला: जागा संपत आली आहे. गेल्या महिन्यात अर्धा फोल्डर रिकामा होता. माझे फॉन्ट काही बाळंत होत नाहीत. मग कोण भरतंय?

नाथा माझा वेदशाळेतला जोडीदार. सहा वर्षं आम्ही समोरासमोर बसून संथा म्हटली. मी अडलो की तो पुढचं पद उचलायचा, तो अडला की मी. दोन डोक्यांत एक पाठ, म्हणजे एक गेलं तरी दुसऱ्यात राहतो; आमच्या गुरुजींना क्लाउड कोणी शिकवायची गरज नव्हती. तो भिक्षुक झाला, मी बातमीदार. त्याच्याकडे संगणक आहे तो यजमानांच्या पूजांच्या वेळा लावायला.

“काय रे शास्त्र्या, वहिनी कशा आहेत?”

त्याला खरं सांगितलं. या वहीनंतर त्यालाच पहिल्यांदा.

तो बराच वेळ जानवं चाचपत राहिला. “त्यांना सांगितलंस?”

“नाही.”

“कधी सांगणार? दहाव्याला?”

मी चिडलो. तो म्हणाला, “चिड. पण मी अडलो की तू पुढचं म्हणायचास. तू अडलास तर इथे मी म्हणू शकत नाही. तुझं तुलाच म्हणावं लागेल.”

घरी आल्यावर जागेचं विचारलं. ज्योत्स्ना म्हणाली, “ग्रंथालयाचं जुनं काम आहे, चढवतेय. वेगळा फोल्डर केलाय.” खरंच, ‘ग्रंथालय’ नावाचा फोल्डर दिसतो. मी उघडला नाही. एकमेकांची पत्रं फोडायची नाहीत हा आमच्याकडे लग्नापासूनचा नियम आहे. म्हणून तर मीही निर्धास्त आहे.

२ फेब्रुवारी

घरी हळदीकुंकू. संक्रांतीचं वाण म्हणून बायका बाजारातून डझनावारी वस्तू आणतात, डब्या, चाळण्या, आणि घरोघरी त्याच चाळण्या फिरत राहतात. ज्योत्स्नानं यंदा काहीच आणलं नाही. घरातलंच लुटलं. पितळी वाटी, तांब्याचा गडू, तिच्या साड्या, पुस्तकं. प्रत्येकीला तिच्या तिच्या बेतानं.

“अहो ताई,” सुलाबाई म्हणाल्या, “ही तर तुमची रोजची वाटी.”

“म्हणून तर देतेय. घासून घ्यायची सवय आहे तिला. कपाटात ठेवू नका.”

मी दारातून म्हणालो, “बघा हं, पुढल्या वर्षी वाणात मी असेन.”

“तुम्हाला कोण नेणार? नेलं तरी चार दिवसांत परत आणून देतील.”

बायका हसल्या. ज्योत्स्नाही हसली, आणि मग खुर्चीच्या पाठीला धरून जरा उभी राहिली.

आमची लेक वेदिका पुण्याहून आली होती. आईनं तिला मोत्यांच्या कुड्या दिल्या, त्या लग्नात द्यायच्या ठरलेल्या होत्या. मुलगी गॅलरीत गेली ती अर्धा तास आलीच नाही. डोळे लाल. म्हणाली, कांदा. हळदीकुंकवाला कांदा कोणी चिरला कोणास ठाऊक. ऑफिसात काही बिनसलं असावं. जाताना माझ्या पाया पडली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी लहानपणी मी गणित चुकीचं सोडवून दिलं की बघायची.

११ फेब्रुवारी

तिला सकाळी उठवेना. दुखणं थांबवायची पट्टी डॉक्टरांनी दिली, दंडाला लावायची. मी लावली.

“सूज उतरायला वेळ लागतो,” मी म्हणालो.

“हो. सूज हट्टी असते.”

सत्तावीस वर्षं ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ असं लिहीत आलो. इतकं वाईट खोटं कधी लिहिलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

पट्टीनं बरं वाटतं तिला. आज डाळ मी केली. तीन शिट्ट्या. ती म्हणाली, “आता मला काळजी नाही.” दोनच घास खाल्ले.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र झाली. आज सकाळी त्र्यंबकला गेलो, गर्दी ओसरल्यावरची बातमी करायची होती: रस्त्यावरच्या चपला, हरवलेली माणसं, सापडलेली माणसं. चारशे शब्द झाले. पाठवताना बाण फिरलेच नाहीत. लाल फुली. जागा संपली.

“काहीतरी काढून टाक,” नाथा म्हणाला.

टाकाऊ काय? ‘जुने फॉन्ट’. तोच आधी उघडला, एक वस्तू सोडून बाकीचं पुसावं म्हणून. आत अकरा फॉन्ट होते. ‘मराठी ४ जाड’ नव्हता.

दोनदा मोजले. सगळ्या फोल्डरमध्ये शोधलं. सापडला, ‘ग्रंथालय’ मध्ये. नाव बदललेलं, तिच्या पद्धतीचं, दाखल क्रमांक, विषय, तारीख आणि वेळ:

‘००१ – ज्योत्स्ना – तपासणी अहवाल – दाखल १० जानेवारी, ३.१६’

मी पिंपळगावला तो आत टाकला तेव्हाच तो घरच्या संगणकावर उतरला होता. नवी फाइल आली, असा संदेश तिच्यासमोर कोपऱ्यात उमटला असणार. तो फोल्डर तिनंच तर बांधला होता. अकराच्या जागी बारा फॉन्ट दिसले तर ग्रंथपाल बघणारच. घटाकाश आणि मठाकाश, मीच तिला सांगितलं होतं, आणि मग घागरीत लपवून खोलीला दिसणार नाही असं धरून चाललो.

खाली ००२ पासून ०४१ पर्यंत होतं. सगळी आवाजाची रेकॉर्डिंग, मध्ये मध्ये फोटो. ‘००२ – गॅस, वीज, पाणी’, दाखल त्याच दिवशी, संध्याकाळी ५.२०. मी विचारलं होतं, लाइट गेली होती का. ‘००७ – डाळ’. ‘०१५ – वेदिकाशी भांडण झालं तर’. ‘०२३ – माझी औषधं कोणाला परत करायची’. ‘०३४ – तुमचे चष्मे कुठे कुठे असतात’. शेवटचा, ‘०४१ – तुम्ही सांगाल तेव्हा’.

नाथानं माझ्याकडे पाहिलं आणि उठला. “चहा सांगून येतो,” म्हणाला. तो चहा पीत नाही.

मी ०४१ लावलं. मागे कुकरचा आवाज येत होता.

“अहो, तुम्ही मला सांगाल ना, तेव्हा ते मला नवीन वाटलं पाहिजे. त्याची तयारी करतेय. आरशासमोर दोनदा करून बघितली. जमत नाही, हसू येतं. लवकर सांगितलंत तर बरं, नाटकाची दगदग होते. नाही सांगितलंत तरी चालेल. तुम्हाला जमत नसेल.” मग कुकरची शिट्टी. मग, “तिसरी झाली वाटतं. उतरवते.”

तिथे संपतं.

नाथा आला, चहाचे दोन कप ठेवले.

मग मी माझ्या कात्रणांचा फोल्डर निवडला. सत्तावीस वर्षांच्या बातम्या, तिनंच एकेक स्कॅन करून तारीखवार लावलेल्या. संगणकानं विचारलं, हे सगळ्या संगणकांवरून काढलं जाईल, चालेल का? हा प्रश्न मला १० जानेवारीला कोणी उलटा विचारायला हवा होता.

“अरे, त्या तुझ्या सगळ्या—” नाथा म्हणाला.

“वाचत कोणी नव्हतं.”

जागा झाली. माझा प्रोग्रॅम उघडला, माझी मांडणी, माझा फॉन्ट. पहिल्यांदा पानभर लिहिलं. त्यात ‘नियती’ होती, ‘सहधर्मचारिणी’ होती. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी दोन ओळी उरल्या. नाव दिलं ‘०४२’ आणि ‘ग्रंथालय’ मध्ये टाकलं. लग्नापासूनचा नियम तिनं आधी मोडला की मी, ते आता बघत बसत नाही. बाण फिरले. आज मी त्यांना घाई केली नाही. हिरवी खूण आली. बारा चाळीस.

बातमी पाठवायची राहिली. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

बसनं उतरून घरी पोचायला दोन वाजले. ज्योत्स्ना संगणकासमोर उशीला टेकून बसली होती. स्क्रीन चालू. खिडकी उघडी. टेबलावर दोन कप, झाकलेले.

“०४२ ला दाखल तारीख टाकली नव्हतीत,” ती म्हणाली. “मी टाकली.”

“वेळ?”

“बारा चाळीस. बसा. चहा गार होतोय.”

मी बसलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, नवीन ऐकल्याचं तोंड करून बघायचा प्रयत्न केला, आणि खरंच, तिला हसू आलं. मग हसू राहिलं नाही. तिचा हात हातात घेतला तर तो केवढासा झाला आहे. चहा आम्ही गारच प्यालो.

आता ती झोपली आहे. त्या दोन ओळी इथेही उतरवून ठेवतो, म्हणजे एक प्रत गेली तरी दुसरी राहील.

ज्योत्स्ना, तुला माहीत आहे हे मला आज कळलं. तुला सांगितलं नाही ते तुझ्यासाठी नव्हतं, तू गेल्यावर मागे एकट्यानं राहायची मला भीती वाटते.